ओरिसाने दोस्ती का मोडली: एआयच्या डिप्लोमसीमागचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ या राज्यविस्ताराच्या कॉम्प्युटर गेममध्ये तुम्ही विजयनगर घेऊन १४४४ पासून खेळताय. ओरिसाशी दोस्ती केलीत, बहमनीला दोन युद्धांत हरवून त्याचे बरेच प्रांत घेतलेत. मग १४६८ मध्ये ओरिसाने एकाएकी दोस्ती मोडली आणि तुम्हालाच रायव्हल, म्हणजे जाहीर प्रतिस्पर्धी, केलं. वर्षभरात माळवा, खानदेश आणि गुजरात यांनी तुमच्याविरुद्ध कोअलिशन (आघाडी) केलं, आणि ट्रूस (तहानंतरचा युद्धबंदीचा काळ) संपल्याबरोबर बहमनीही त्यात शिरला. एआय, म्हणजे बाकीची राज्यं चालवणारा कॉम्प्युटर, चीटिंग करतो का, आणि असल्या बेभरवशाच्या शेजाऱ्यांशी डिप्लोमसी करायची तरी कशी, असं तुम्ही विचारलंय.

मी हा गेम २०१३ मध्ये आला तेव्हापासून खेळतेय आणि त्यातला बराच वेळ दख्खनमध्येच गेलाय. तुम्ही लिहिलंय तसं माझ्याबाबतीत पुष्कळदा झालंय, म्हणून सविस्तर लिहिते. आधी एक सांगून ठेवते: गेमच्या व्हर्जनप्रमाणे आकडे बदलत आलेत, तुमच्याकडे कोणती डीएलसी (गेमला वेगळी विकत घ्यायची भर) आहेत यावरही काही पर्याय दिसतात किंवा दिसत नाहीत, आणि अवघडपणा नॉर्मलच्या वर असेल तर एआयला जादा सवलती मिळतात. मी नॉर्मल धरून बोलतेय. दोस्ती, ट्रूस, रायव्हल आणि कोअलिशनचे नियम नॉर्मलला तुम्हाला जे आहेत तेच त्यालाही आहेत.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळी दुखणी आहेत. ओरिसाचं जाणं हे एक, कोअलिशन हे दुसरं. ती एका वर्षात आली म्हणून सगळे मिळून उलटले असं वाटतं, पण दोन्हींची कारणं निराळी आणि म्हणून उपायही निराळे.

ओरिसापासून सुरुवात करू. डिप्लोमसीच्या खिडकीत आपण बहुतेक वेळ ओपिनियनचा आकडा बघत बसतो. तो उणे २०० ते अधिक २०० असतो, हिरवा असला की बरं वाटतं. पण तो आकडा म्हणजे तुमच्याबद्दलची भावना फक्त. एआय तुमच्याशी कसा वागणार हे त्याच्या ऍटिट्यूडवर, म्हणजे तुमच्याबाबतच्या पवित्र्यावर, ठरतं, आणि ते ठरताना ओपिनियनसोबत त्याला कुठली जमीन हवी आहे, तुम्ही त्याच्या तुलनेत किती मोठे झालात, तुमचे-त्याचे रायव्हल कोण, हे सगळं धरलं जातं. ओरिसाचं ओपिनियन १२० असतानाही त्याला तुमचे प्रांत हवे असू शकतात. ऍटिट्यूडच्या चिन्हावर माउस नेऊन थांबा, कारण तिथे लिहिलेलं असतं. ‘तुमचे प्रांत हवे आहेत’ अशा अर्थाची ओळ दिसली की त्या दोस्तीचे दिवस भरत आले असं समजावं. ही ओळ बहुतेक वेळा दोस्ती तुटण्याच्या कितीतरी आधी येते. मी दर जानेवारीला गेम पॉज करून माझ्या प्रत्येक मित्राच्या चिन्हावर एकदा माउस नेते. मिनिटभराचं काम आहे, पण तेव्हापासून मला दोस्ती मोडल्याचा धक्का क्वचितच बसलाय.

आता ओरिसालाच का? नकाशा बघा. गोदावरी-कृष्णेच्या मुखाजवळचा किनारा आणि तेलंगणाचा पट्टा तुम्हालाही हवा, त्यालाही हवा. खऱ्या इतिहासातही असंच होतं. कपिलेंद्र गजपतीच्या काळात ओरिसाची सत्ता हा किनारा धरून दक्षिणेकडे सरकत गेली, आणि पुढे कृष्णदेवरायाने १५१४ मध्ये उदयगिरी आणि १५१५ मध्ये कोंडवीडू गजपतींकडून घेतलं. ज्या शेजाऱ्याची वाढायची दिशा तुमच्याच दिशेला छेदते, तो सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षं मित्र म्हणून छान असतो. बहमनी तुम्हा दोघांनाही जड असतो तोवर. तुम्ही बहमनीला दोनदा मोडलंत, म्हणजे तुमच्या दोस्तीचं कारणच मोडलंत. त्यात तुम्ही मोठे झालात. रायव्हल करायला दोघांची ताकद साधारण एका तोलाची असावी लागते. तुम्ही लहान होता तेव्हा ओरिसाच्या यादीत दुसरी नावं होती. एखादी जागा रिकामी झाली, तेव्हा तोलामोलाचा आणि हव्या त्या जमिनीवर बसलेला शेजारी म्हणून तुमचं नाव तिथे आलं.

यावरून मित्र निवडायची माझी पद्धत सांगते. पहिल्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबर १४४४ ला, गेम सुरू न करताच मी आसपासच्या प्रत्येक राज्याचे रायव्हल वाचते. एका राज्याला तीनच रायव्हल ठेवता येतात. ज्याच्या तिन्ही जागा भरल्यात आणि त्यात माझं नाव नाही, तो निदान काही वर्षं माझा रायव्हल होऊ शकत नाही. त्यातला एखादा बहमनीला रायव्हल मानत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण समान शत्रू असला की ओपिनियनमध्येही भर पडते. आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती: त्याची आणि माझी हद्द लागू नये. माझ्या शत्रूच्या पलीकडे बसलेला मित्र सर्वांत टिकाऊ. विजयनगर खेळताना बहमनीच्या पलीकडचा माळवा किंवा गुजरात हा ओरिसापेक्षा दीर्घकाळ चालणारा मित्र ठरतो, अर्थात तुमच्या डावात रायव्हल कसे पडलेत त्यावर हे अवलंबून. दर वेळी नवा डाव सुरू केला की ते थोडे बदलतात, म्हणून ‘विजयनगरने नेहमी अमक्याशीच दोस्ती करावी’ असा पाठ करण्याजोगा नियम मी देणार नाही.

मित्र युद्धाला येत नाहीत अशीही तुमची तक्रार आहे. हल्ला तुमच्यावर झाला तर बोलावणं फुकट असतं आणि मित्र सहसा येतोच. न आल्यास त्याची दोस्तीही जाते आणि प्रेस्टिजही (प्रतिष्ठेचा आकडा). तुम्ही स्वतः हल्ला करताना मात्र त्याला १० फेव्हर्स (त्याच्यावर साठलेले तुमचे उपकार) द्यावे लागतात किंवा जमिनीचं वचन द्यावं लागतं. शिवाय तो कर्जात बुडालेला असेल, आधीच दुसऱ्या युद्धात असेल, किंवा युद्ध त्याच्यापासून फार लांब असेल तर त्याचं उत्तर नकाराकडे झुकतं. युद्ध जाहीर करायच्या खिडकीत कोण येणार, कोण नाही हे दिसतं आणि नकारावर माउस नेलं की अधिक-उण्याची पूर्ण यादी उघडते. ती बेरीज उणे ५ असेल तर थोडा ट्रस्ट (त्याचा तुमच्यावरचा विश्वास) वाढवून किंवा त्याचं कर्ज फिटेपर्यंत थांबून काम होतं. उणे ६० असेल तर त्याला विसरा आणि युद्ध स्वतःच्या बळावर जमतंय का ते बघा.

जमिनीच्या वचनाबद्दल माझा एक अनुभव सांगते. विजयनगरच्या माझ्या पहिल्यावहिल्या डावात मी ओरिसाला जमिनीचं वचन देऊन बहमनीविरुद्ध बोलावलं. युद्ध जिंकलं आणि तहात सगळे प्रांत मीच घेतले. मला वाटलं ओपिनियन थोडं उतरेल, भेटवस्तू पाठवून भरून काढू. उतरला तो ट्रस्ट. ट्रस्ट ५० पासून सुरू होतो आणि चढायला फार वेळ लावतो. त्यानंतर मी बोलावलेल्या एकाही युद्धात ओरिसा आला नाही आणि शेवटी ती दोस्तीही गेली. आता माझा शिरस्ता असा: फेव्हर्स पुरेसे साठले असतील तर वचन देतच नाही, आणि दिलं तर मित्राला नकाशावर त्याला हवा असलेला एक प्रांत देते, मग तो मला कितीही आवडीचा असो. एक रिकामा डिप्लोमॅट फेव्हर्स गोळा करायला मित्राकडे ठेवून दिला की हा प्रश्न बराचसा सुटतो.

आणि मित्राचा खरा उपयोग बहुधा न लढण्यातच असतो. हल्ला करायचा की नाही हे ठरवताना एआय तुमची आणि तुमच्या मित्रांची ताकद एकत्र मोजतो. मोठा मित्र पाठीशी नुसता बसलेला असला तरी त्या बेरजेत असतो. म्हणून युद्धाला कधीच न येणारा, पण मोठा आणि मनाने तुमच्याकडे असलेला मित्र मी सोडत नाही. घर फिरलं की वासेही फिरतात हे या गेममध्ये शब्दशः खरं आहे: तुमचं मनुष्यबळ आटलं, कर्ज चढलं आणि सैन्य लांबच्या आघाडीवर अडकलं की काल गप्प असलेला शेजारी त्याच महिन्यात युद्ध जाहीर करतो. त्याला आपण दगा म्हणतो. त्याने फक्त नवी बेरीज केलेली असते.

आता कोअलिशन. इथे थोडा वेळ थांबते, कारण तुमच्या डावाला सर्वांत मोठा धोका याचाच आहे. दुसऱ्याची जमीन घेतली की आजूबाजूच्या राज्यांच्या मनात तुमच्याबद्दल एई, म्हणजे ऍग्रेसिव्ह एक्स्पान्शन, साठतं. ते सगळ्यांच्या मनात सारखं साठत नाही. जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी. ज्याची जमीन गेली त्याच्याशी धर्म किंवा संस्कृती जुळणाऱ्याला जास्त, न जुळणाऱ्याला कमी. म्हणून बहमनीचे प्रांत घेतल्यावर माळवा, खानदेश आणि गुजरात भडकले आणि ओरिसा कोअलिशनमध्ये नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. एखाद्याच्या मनात एई ५० च्या वर गेलं आणि त्याचं तुमच्याबद्दलचं एकूण ओपिनियन उणे असेल, तर तो कोअलिशनमध्ये जाऊ शकतो. या दोन अटी आहेत आणि दुसरी बहुतेक खेळाडू विसरतात. एई ५५ असलेल्या माळव्याचं ओपिनियन शून्याच्या वर राखलंत, तर तो आत जात नाही. म्हणजे डिप्लोमॅटला ‘संबंध सुधारा’ सांगून पाठवायची खरी वेळ तह करायच्या आधीची. युद्ध जिंकत आलंय असं दिसलं की मी डिप्लोमॅट बाहेर काढते आणि ज्यांचं एई पन्नाशीच्या आसपास जाणार त्यांच्याकडे पाठवते. तहाच्या खिडकीत प्रांत निवडताना कोणाच्या मनात किती एई वाढणार हे आधीच दिसतं. तिथे अंदाजाने सही करण्याची मुळीच गरज नाही.

एई उतरतं ते वर्षाला मुळात २ या वेगाने. संबंध सुधारण्याचा वेग वाढवणारा सल्लागार आणि चांगलं प्रेस्टिज असेल तर जरा भरभर. समजा माळव्याच्या मनात ६० झालंय. पन्नाशीच्या खाली यायला मूळ वेगाने ५ वर्षांहून अधिक लागतील. आता हे ट्रूसशी जोडून बघा. तहानंतरचा ट्रूस ५ ते १५ वर्षांचा असतो, तहात जितका वॉर स्कोअर (युद्धातल्या सरशीचे गुण) वापरला तितका लांब. आणि ट्रूस असलेलं राज्य तुमच्याविरुद्धच्या कोअलिशनमध्ये जाऊ शकत नाही. तुमच्या डावात बहमनी ट्रूस संपल्याच्या दिवशी आत गेला तो यामुळे. तो मनातून आधीच तयार होता, दार फक्त त्या दिवशी उघडलं.

यातून माझी सगळी वेळापत्रकं निघतात. मी कागदावर चार-पाच शेजाऱ्यांची नावं आणि त्यांच्या ट्रूसची शेवटची तारीख लिहून ठेवते. बहमनीकडून एका तहात फार जमीन न घेता बेताची घ्यायची, मग ट्रूस चालू असताना दुसऱ्या दिशेला वळायचं, म्हणजे मलबारची छोटी राज्यं किंवा श्रीलंकेतलं कोट्टे. तिथल्या लढाईचं एई उत्तरेकडच्या सुलतानांपर्यंत पातळ होऊन पोचतं आणि दरम्यान उत्तरेचं जुनं एई उतरत राहतं. जमीनही शक्य तितकी स्वस्तात मिळवावी. एखाद्या मांडलिकाचे जुने कोअर (त्याच्या हक्काचे प्रांत) बहमनीच्या ताब्यात असतील, तर ते परत मिळवण्यासाठीच्या युद्धाच्या कारणाने एई नेहमीच्या चौथाईवर येतं. जमीन मांडलिकाला जाते, पण पुढे तो मांडलिक राज्यात सामील करून घेता येतो. घाई नसलेल्या खेळाडूला याहून चांगलं काही नाही.

कोअलिशनला बरेच लोक गेमची कृत्रिम शिक्षा समजतात. मला ते तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण दख्खनच्या इतिहासातच आहे. सोळाव्या शतकात विजयनगरची सत्ता हाती असलेल्या रामरायाने बहमनी राज्य फुटून झालेल्या सुलतानांपैकी एकाला दुसऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षं वापरून घेतलं. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा तरुणपणी विजयनगरच्या आश्रयाला राहिला होता. अली आदिलशहाला बरोबर घेऊन रामरायाने अहमदनगरवर स्वारी केली होती. प्रत्येक मोहिमेत विजयनगर वरचढ होत गेलं, आणि प्रत्येक मोहिमेनंतर शेजाऱ्यांच्या मनात एकच भीती साचत गेली. शेवटी एकमेकांचे हाडवैरी असलेले निजामशाही आणि आदिलशाही सोयरीक करून एक झाले: हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदणात गेला. गोवळकोंडा आणि बीदर त्यांना मिळाले आणि २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटच्या लढाईत विजयनगरचं सैन्य कोसळलं. ज्याला आश्रय दिला तोही समोर होता आणि ज्याच्याबरोबर स्वारी केली तोही. रामरायाच्या काळात कोणी त्याला टूलटिप (माउस नेल्यावर उघडणारी माहिती) दाखवत नव्हतं. आपल्याला आकडा दिसतो, ही आपली फार मोठी सोय आहे.

आता तुमच्या चालू डावाबद्दल. सेव्ह टाकून देऊ नका, हा डाव वाचवण्यासारखा आहे. एआय कोअलिशन करतो म्हणजे लगेच हल्ला करतो असं नाही. जिंकू शकतो असं त्याला वाटलं तरच करतो. तेव्हा सैन्य फोर्स लिमिटपर्यंत (राज्याला पेलेल त्या संख्येपर्यंत) भरा, कर्ज फेडा, मनुष्यबळ भरू द्या आणि सैन्य सरहद्दीजवळच्या किल्ल्यांत ठेवा. कोअलिशनमधल्या एकावरही थेट युद्ध जाहीर करू नका, बाकीचे सगळे त्याच्या बाजूने येतील. मात्र कोअलिशनबाहेरच्या एखाद्या छोट्या राज्याचा मित्र जर खानदेश असेल, तर त्या छोट्यावर हल्ला केल्यास खानदेश मित्र या नात्याने येतो, कोअलिशन येत नाही. मग खानदेशशी वेगळा तह करून टाकायचा. ट्रूस झाला की तो कोअलिशनमधून बाहेर पडतो. युद्ध जाहीर करायच्या खिडकीत कोण कोण येतंय हे शेवटच्या क्षणी पुन्हा बघा, कारण मागच्या महिन्यात पाहिलेली यादी आज तशीच असेल याची खात्री नाही.

तुमचे डिप्लोमॅट सध्या कुठे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते ओरिसाकडे संबंध सुधारत बसले असतील तर परत बोलवा. ज्याने तुम्हाला रायव्हल केलंय आणि ज्याला तुमची जमीन हवी आहे त्याच्यावर खर्च केलेला महिना वाया जातो. एक डिप्लोमॅट गुजरातकडे पाठवा, तिघांत तो सर्वांत लांब आहे आणि त्याचं एई बहुधा सर्वांत कमी असेल, त्यामुळे तोच आधी बाहेर पडेल. दुसरा माळव्याच्या पाठीमागे, म्हणजे जौनपूर किंवा दिल्ली यांतला जो तुमच्या डावात अजून बलवान उरलाय आणि माळव्याला रायव्हल मानतो त्याच्याकडे. त्याच्याशी दोस्ती झाली की माळव्याच्या बेरजेत पाठीमागचा शत्रूही धरला जाईल. आणि हा मित्र मिळाला तर निदान पहिली दहा वर्षं त्याला कुठल्याही युद्धात बोलावू नका. तेवढ्यात फेव्हर्स साठतील, ट्रस्ट थोडा चढेल आणि उत्तरेकडचं एई पन्नाशीच्या खाली आलेलं असेल. त्यानंतर ओरिसाकडे वळलात तर किनाऱ्याच्या त्या पट्ट्यासाठी बहमनी, माळवा किंवा गुजरात यांच्या मनात फारसं काही साठणारही नाही.